'ओल्ड'च्या विरुद्ध नक्की काय? (आणि असेच इतर घोळ)

दीर्घवेलांटी
भाचीसाठी इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांचे पत्ते करतेय. पुढे एक शब्द, मागे त्याच्या उलट. हॉट-कोल्ड, ओपन-शट, फुल-एम्प्टी असे भराभर झाले आणि 'ओल्ड'पाशी गाडं अडलं. तिच्या पुस्तकात 'न्यू' दिलंय, वहीत बाईंनी 'यंग' लिहून दिलंय. दोन्ही बरोबर हे मलाही कळतं, पण मागे एकच शब्द असला तरच खेळ खेळता येतो.

माझं मत असं की ज्यांना एकच पक्का उलटा शब्द आहे तेवढेच शब्द खेळात घ्यावेत, बाकीचे सरळ बाद. पण मग उरतील किती? तुम्ही काय लिहाल, आणि का? असे अडवणारे आणखी शब्द आठवले तर तेही सांगा, म्हणजे आधीच बाजूला काढते.

झोपाळू
न्यू. पुढचा प्रश्न.

सांजसावली
यंग. म्हाताऱ्याच्या उलट तरुण, हे शेंबडं पोरही सांगेल.

खवचट खारूताई
धागा शंभरी गाठणार, लिहून ठेवा. मी खुर्ची घेऊन बसले.

अक्षरशत्रू
इंग्रजी भाषाच कंगाल आहे, दुसरं काय. आपल्याकडे हा घोळच नाही. वस्तू जुनी, माणूस म्हातारा, भावंड थोरलं. उलट जायचं तर नवी, तरुण, धाकटं. तीन कप्पे, तीन कुलपं. त्यांनी सगळं एका 'ओल्ड'मध्ये कोंबलं आणि आता आपली पोरं मार्क घालवतायत.

अर्धविराम
अक्षरशत्रू, कंगाल म्हणायची घाई नको. 'कच्चा' घ्या. कच्च्या फळाच्या उलट पिकलेलं, कच्च्या भाजीच्या उलट शिजलेली, कच्च्या रस्त्याच्या उलट पक्का, कच्च्या मालाच्या उलट तयार माल, आणि गणितात कच्चा असलेल्या मुलाच्या उलट हुशार. इंग्रजीत यातल्या फळाला 'अनराइप', भाजीला 'रॉ', कच्च्या आराखड्याला 'रफ' असे वेगळे शब्द आहेत. त्यांच्या 'ओल्ड'चे आपण तुकडे केले, आपल्या 'कच्चा'चे त्यांनी. कुणी कुणाला हसायचं?

आणि 'जुना' फक्त वस्तूंनाच लागतो असंही नाही. 'तो इथला जुना माणूस आहे' म्हणतो तेव्हा तो तिशीतलाही असू शकतो.

खवचट खारूताई
'कच्च्या'ला टाळ्या. पण कच्च्या लिंबूच्या विरुद्ध काय हो? कुणीच सांगितलं नाही.

अक्षरशत्रू
बरं, 'कंगाल' मागे. पण तीन कप्प्यांचं म्हणणं कायम.

फळा आणि खडू
लहान मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणून बाईंची बाजू मांडते. सुरुवातीला आम्ही एकास एक अशी जोडी मुद्दाम देतो, कारण मुलं शब्द जोडीनेच लक्षात ठेवतात. 'ओल्ड'ला चार उलटे शब्द आहेत असं पहिल्याच दिवशी सांगितलं तर पोर चारही विसरतं. तेव्हा वहीत एकच शब्द असण्यात काही चूक नाही. चूक तपासताना होते. मुलाने दुसरा योग्य शब्द लिहिला आणि उत्तरपत्रिकेत तो नाही म्हणून फुली मारली, तर ती फुली मुलाला नाही, तपासणाऱ्याला मिळायला हवी. मी दोन्हीला पूर्ण गुण देते.

गणिती
उत्तर चुकलेलं नाही, प्रश्न अपुरा आहे. मी विचारलं, ५ च्या विरुद्ध काय? बेरजेत −५, गुणाकारात १/५. क्रिया कोणती ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही. तसंच इथे, कशाच्या बाबतीत ओल्ड ते सांगा, मग उलट सांगतो.

झोपाळू
गणिती, दुसरीतल्या पोराला हे सांगून बघा आणि काय होतं ते इथे येऊन लिहा.

अर्धविराम
गणितींचा मुद्दा नेमका आहे. विरुद्धपणा शब्दाला नसतोच, शब्दाच्या एकेका अर्थाला असतो. एक अर्थ असलेल्या शब्दाचं सोपं असतं. 'ओल्ड'चे अर्थ मोजायला बसलं तर:

ओल्ड मॅन × यंग मॅन. ओल्ड शूज × न्यू शूज. 'माय ओल्ड स्कूल' म्हणजे पडकी शाळा नव्हे, मी पूर्वी जात होतो ती. तिच्या उलट आत्ताची, म्हणजे 'प्रेझेंट' किंवा 'करंट'. 'ओल्ड हँड' म्हणजे मुरलेला माणूस, त्याच्या उलट नवशिका, 'नॉव्हिस'. ओल्ड इंग्लिश × मॉडर्न इंग्लिश. तिथे 'न्यू' क्वचितच आणि 'यंग' तर अजिबात नाही. आणि 'एनी ओल्ड थिंग' मधल्या 'ओल्ड'ला उलट काहीच नाही, तिथे तो नुसता ठसक्यासाठी बसलाय.

इंग्लंडच्या इतिहासात तर तारखासुद्धा 'ओल्ड स्टाइल' आणि 'न्यू स्टाइल' अशा असतात. १७५२ साली त्यांनी पंचांग बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधीच्या तारखा ओल्ड स्टाइल. त्यांच्या उलट 'यंग स्टाइल' कुणी म्हणणार नाही.

सांजसावली
पण मुळात 'उलट' म्हणजे काय हे तरी ठरलंय का? मेलेला-जिवंत मला उलट वाटतात, म्हातारा-तरुण तितके वाटत नाहीत. मधे किती तरी माणसं असतात. आम्ही सगळे मधलेच आहोत!

अर्धविराम
सांजसावली, अभ्यासकांनी इथेच रेघ मारलीय. मेलेला-जिवंत मध्ये मधली जागा नाही. एक नाही म्हणजे दुसरा. म्हातारा-तरुण ही मोजपट्टी आहे, 'म्हातारा नाही' म्हणजे 'तरुण' असं होत नाही. एडवर्ड सपीर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाचा या मोजपट्टीवर एक निबंध आहे, तो गेल्यानंतर १९४४ मध्ये छापला गेला. त्याचं म्हणणं असं की 'मोठा', 'लहान' हे शब्द तुलनेतून येतात, पण वापरताना ती तुलना आपण गिळून टाकतो. मोठा म्हणजे कशापेक्षा तरी मोठा.

तिसरी जात घेणं-विकणं, मामा-भाचा यांची. व्यवहार किंवा नातं एकच, टोकं दोन. मामा आहे म्हणजे भाचा किंवा भाची असलीच पाहिजे.

खवचट खारूताई
'मधली जागा नाही' कसं म्हणता? अर्धमेला आहे की! इंग्रजीतही 'हाफ-डेड' आहे. महिनाअखेरीला आमच्या ऑफिसात सगळे तेच असतात.

अर्धविराम
:) अर्धमेला माणूस शंभर टक्के जिवंत असतो, म्हणूनच कुरकुरतो.

दीर्घवेलांटी
बाप रे, एवढे प्रतिसाद! फळा आणि खडू, मनापासून पटलं. अर्धविराम, 'ओल्ड स्कूल'ने मला आणखी अडकवलं. आता 'लाँग' आणि 'टॉल'चे पत्ते काढलेत, दोन्हींच्या मागे 'शॉर्ट'च येतंय. ते चालेल की गोंधळ होईल?

फळा आणि खडू
चालेल. फक्त 'शॉर्ट' पुढे ठेवून मागे काय असं विचारू नका. एकाच दिशेने खेळा. 'लाइट'चं तेच: 'डार्क'वरून आणि 'हेवी'वरून त्याच्याकडे येता येतं, पण त्याच्याकडून निघालं की दुफाटा. 'राइट' तर 'लेफ्ट' आणि 'राँग' या दोघांच्या मधे उभा. 'हार्ड', 'रफ', 'ड्राय' हेही आधीच बाजूला काढा.

अक्षरशत्रू
थोडं अवांतर, पण या शब्दांच्या जन्मकथा कळल्यावर मजा वाटली. 'न्यू' आणि आपला 'नव' हे सख्खे चुलत, एकाच प्राचीन मुळाचे. 'यंग' आणि संस्कृत 'युवन्' यांचंही तसंच. म्हणजे ज्या दोन उलट्या शब्दांवरून इथे भांडण चाललंय ते दोन्ही घरचेच निघाले.

'ओल्ड'ची गोष्ट वेगळी. त्याचं मूळ 'वाढणे, पोसणे' अशा अर्थाच्या धातूत आहे. ओल्ड म्हणजे मुळात वाढलेला. आपला 'वृद्ध'? तोही वृध् धातूचा, वाढलेलाच. धातू वेगळे, कल्पना तीच. उलट 'जुना' हा 'जीर्ण'च्या गोत्रातला, झिजलेला. माणूस वाढत जातो आणि वस्तू झिजत जाते, हा फरक आपण शब्दात ठेवला. म्हणून म्हटलं होतं, तीन कप्पे!

सांजसावली
मग झालंच की. ओल्ड म्हणजे वाढलेला, तर त्याच्या उलट न वाढलेला, म्हणजे यंग. मी जिंकले.

झोपाळू
व्युत्पत्तीवरून अर्थ ठरायला लागले तर उद्या 'गवाक्षा'तून बैलाने बघायला हवं.

अनुनासिक
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. एस्पेरांतो ही बनवलेली भाषा थोडी शिकलोय. झामेनहॉफ यांनी ती १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. शब्द कमी पाठ करावे लागावेत म्हणून त्यांनी 'माल' असा एक उपसर्ग ठेवला. तो लावला की शब्द उलटा होतो. 'बोना' चांगला, 'मालबोना' वाईट. 'ग्रांदा' मोठा, 'मालग्रांदा' लहान. 'देक्स्त्रा' उजवा, 'मालदेक्स्त्रा' डावा.

आता 'ओल्ड' बघा. तरुणाला 'युना', नव्याला 'नोवा'. म्हणून म्हाताऱ्याला 'मालयुना' आणि जुन्याला 'मालनोवा'. म्हणजे तिथे 'ओल्ड'साठी स्वतंत्र शब्दच ठेवला नाही. 'यंग'च्या उलट एक आणि 'न्यू'च्या उलट एक, असे दोन केले. धागाकर्तींचा प्रश्न त्या भाषेत विचारताच येत नाही.

खवचट खारूताई
मालयुना! आमच्या सोसायटीतल्या सगळ्या काकांना आजपासून हेच. शिवीही नाही आणि मानही नाही.

गणिती
भाषा म्हणून नीटनेटकं आहे, पण डाव्याला 'उलट-उजवा' म्हणणं डावखुऱ्यांवर अन्याय आहे. मी डावखुरा आहे, माझ्या भावना दुखावल्या.

अनुनासिक
गणिती, हा आक्षेप एस्पेरांतोवाले स्वतःही घेतात. कवींनी तर 'माल'ला कंटाळून पर्यायी शब्द आणलेत, 'ओल्दा' असाही एक आहे. कवितेत दर ओळीला 'माल' आला तर ती गोदामाची यादी वाटणार.

बाकी जपानीतही दोन कप्पे आहेत. 'फुरुई' म्हणजे जुनी वस्तू, तो शब्द माणसाच्या वयाला लावत नाहीत. लॅटिनमध्ये म्हातारा 'सेनेक्स' आणि जुना 'वेतुस'. जर्मन मात्र इंग्रजीसारखी, एकच 'आल्ट' आणि त्याच्या उलट 'युंग' किंवा 'नॉय'.

यंत्रमानव
संगणकाच्या बाजूने थोडं. यंत्राला शब्दांचा अर्थ शिकवायची एक रीत म्हणजे कोणता शब्द कुणाच्या शेजारी येतो ते मोजून प्रत्येक शब्दाला आकड्यांच्या नकाशात एक जागा देणं. २०१३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आणलेलं वर्डटूव्हेक हे त्यातलं गाजलेलं. अर्थाने जवळचे शब्द नकाशात जवळ येतात. आता ओळखा, 'हॉट' आणि 'कोल्ड' कुठे येत असतील?

एकमेकांच्या शेजारी! कारण दोन्ही त्याच वाक्यात त्याच जागी बसतात. पाणी गरम आहे, पाणी थंड आहे. यंत्राला ते जवळजवळ समानार्थी वाटतात, आणि हा दोष काढायला लोकांना वेगळी खटपट करावी लागली.

मला तर वाटतं यंत्राचं तितकंसं चुकत नाही. दोन शब्द विरुद्ध असायला आधी बाकी सगळ्या बाबतींत सारखे असावे लागतात. 'गरम'च्या उलट 'थंड' कारण दोन्ही तापमानच सांगतात. 'गरम'च्या उलट 'मंगळवार' का नाही? ते तर कितीतरी जास्त वेगळे आहेत.

दीर्घवेलांटी
हे वाचून थांबले जरा. हत्तीच्या विरुद्ध काय, असं भाची परवा विचारत होती आणि मी हसण्यावारी नेलं होतं.

खवचट खारूताई
'परवा' म्हणजे होऊन गेलेला की येणारा? दोन दिवस मागे आणि दोन दिवस पुढे, दोन्हीला एकच शब्द! स्वतःच्याच विरुद्ध असलेला शब्द आणि आपण रोज वापरतो.

अर्धविराम
वा, खारूताई! इंग्रजीत असे बरेच आहेत. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. 'डस्ट' करणे म्हणजे धूळ झटकणे, आणि केकवर साखर 'डस्ट' करणे म्हणजे भुरभुरणे. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. वरिष्ठांचा 'ओव्हरसाइट' होता असं अहवालात लिहिलं की वाचणाऱ्याने हवं ते समजावं.

झोपाळू
याच्या उलट प्रकार म्हणजे 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल'. दिसायला विरुद्ध, अर्थ एकच: पेट घेणारं. त्यातला 'इन' नकाराचा नाहीच. टँकरवर 'इनफ्लेमेबल' वाचून कुणी बिनधास्त काडी ओढू नये म्हणून सुरक्षावाल्यांनी 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला.

सांजसावली
आणि ज्यांना उलटा शब्द होता पण हरवला ते? 'रूथलेस' आहे, 'रूथ' गेली. 'अनकेम्प्ट' आहे, 'केम्प्ट' विनोदापुरता उरला. एकेकाळी रूथ म्हणजे दया आणि केम्प्ट म्हणजे विंचरलेला, दोन्ही नांदते शब्द होते.

अनुनासिक
आणि ज्यांना उलटा शब्द कधी नव्हताच तेही. भुकेल्याच्या उलट जर्मनमध्ये 'झाट', म्हणजे पोट भरलेला. पण तहानलेल्याच्या उलट? तिथे काहीच नव्हतं. १९९९ मध्ये डुडेन कोशवाल्यांनी एका आइस टी कंपनीबरोबर चक्क स्पर्धा घेतली आणि 'झिट' हा नवा शब्द निवडला. लोकांनी तो वापरलाच नाही.

फळा आणि खडू
मुलं हमखास अडतात ती आणखी एक जागा. 'हॅपी'ला 'अन' लावून 'अनहॅपी' होतं, मग 'सॅड'चं 'अनसॅड' का नाही? 'अनकाइंड' आहे, 'अनक्रुएल' नाही. मुलं विचारतात आणि मी 'तशी पद्धत आहे' म्हणून वेळ मारून नेते.

अर्धविराम
कल असा दिसतो की नकार चांगल्या शब्दाला चिकटतो, वाइटाला सहसा नाही. मराठीतही 'असमाधानी' आहे, 'अदुःखी' कुणी म्हणत नाही.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे जोडीतले दोघे सारख्या मानाचे नसतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाबद्दलसुद्धा इंग्रजीत 'हाउ ओल्ड' असंच विचारतात, 'हाउ यंग' नाही. दोन दिवसांचं बाळ 'टू डेज ओल्ड'! इथे 'ओल्ड'मध्ये म्हातारपण उरलेलंच नाही, तो नुसता वयाचा मापदंड झालाय. आपणही बुटक्या माणसाची 'उंची'च मोजतो, उथळ डबक्याची 'खोली'च सांगतो, पातळ कागदाची 'जाडी'च विचारतो. मोजमापाला नाव देण्याचा मान नेहमी मोठ्याला.

गणिती
उथळ डबक्याची खोली! हे सुटं करून ठेवतो, सभांमध्ये कामाला येईल.

अक्षरशत्रू
नावांवरून आठवलं. पॅरिसमध्ये सीन नदीवर 'पाँ नफ' नावाचा पूल आहे, म्हणजे 'नवा पूल'. तो १६०७ साली पूर्ण झाला आणि आज तिथे उभ्या असलेल्या पुलांमध्ये सगळ्यात जुना आहे. ऑक्सफर्डचं 'न्यू कॉलेज' १३७९चं. तेव्हा 'न्यू'च्या उलट 'ओल्ड', हेही नेहमी खरं नाही.

दीर्घवेलांटी
ठरवलं. 'ओल्ड' बाद करत नाही, पण एकटा ठेवत नाही. त्याचे दोन पत्ते करते, 'ओल्ड मॅन' आणि 'ओल्ड शूज', शेजारी छोटी चित्रं. पण घरात आता नवाच वाद सुरू झालाय. 'ओल्ड फ्रेंड'च्या उलट काय? बहीण म्हणते 'यंग फ्रेंड'. मला ते कानाला खटकतं, पण का ते सांगता येईना.

अर्धविराम
तुमचा कान बरोबर आहे. 'ओल्ड फ्रेंड'मध्ये मित्र ओल्ड नसतो, मैत्री असते. विशेषण माणसाला लावलेलं दिसतं, पण लागतं नात्याला. म्हणून दहा वर्षांच्या दोन पोरी एकमेकींच्या 'ओल्ड फ्रेंड्स' असू शकतात आणि ऐंशीच्या आजोबांना 'न्यू फ्रेंड' मिळू शकतो. तेव्हा 'न्यू फ्रेंड'. बहिणीचं उत्तर धरायचं तर मित्र वयाने म्हातारा आहे असं आधी सांगावं लागेल. मराठीत 'जुना मित्र' आणि 'म्हातारा मित्र' शेजारी ठेवून दाखवा, भांडण मिटेल.

अक्षरशत्रू
तीन कप्पे!!

सांजसावली
मग माझी धाकटी बहीण साठीची आहे ती? 'यंगर' पण आणि 'ओल्ड' पण?

गणिती
अर्थात. −२ हा −५ पेक्षा मोठा आहे, तरी ऋणच. मोठा असणं वेगळं, कुणापेक्षा मोठा असणं वेगळं. (बहिणीला हे उदाहरण सांगू नका.)

झोपाळू
'ड्राय' बाजूला काढायला कुणीतरी वर सांगितलंय, ते का? 'वेट' आहे की सरळ.

फळा आणि खडू
वाइन 'ड्राय' असेल तर तिच्या उलट 'स्वीट'. केस 'ड्राय' असतील तर 'ऑयली'. आणि 'ड्राय ह्यूमर'ला काय, ते मला अजून सुचलेलं नाही.

खवचट खारूताई
पाणचट विनोद.

झोपाळू
दंडवत. सदस्यनाम आज सार्थकी लागलं.

अर्धविराम
अर्थाने पूर्ण उलट नाही, पाणचट म्हणजे बेचव. तरीही हरकत मागे घेतो, कारण याहून बरं मला सुचत नाहीये.

दीर्घवेलांटी
हा पत्ता मी करणार आहे, भाचीसाठी नाही, स्वतःसाठी. 'रफ'चं काय करू ते सांगा आता. समुद्र 'रफ' असला तर 'काम', कागद 'रफ' असला तर 'स्मूथ', इथपर्यंत आलेय. 'रफ' वहीच्या उलट?

गणिती
फेअर. आणि 'फेअर'च्या उलट 'अनफेअर' आणि 'डार्क' दोन्ही. या, बसा परत.